भावोजीचं पान

कुवेतमधलं आख्खं फहाहील रिकामं झालं तरी किनारा न सोडणारा मराठी गडी एकच, तो म्हणजे मी. यात शूरपणा कसला नव्हता, बहिणीची भीती होती: तिच्या नवऱ्याला मी कुवेतला नेला, तो दर्यात गेला तो परतला नाही, आणि त्याच्याशिवाय गावी जाऊन तिच्या दारात उभं राहण्यापेक्षा मला रणगाड्यासमोर उभं राहणं सोपं वाटायचं.

पहिल्यापासून सांगतो. आमचं घर रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर. पिढ्यान्‌पिढ्या मच्छीमार. आणि त्या घरात मी असा निपजलो की होडीत पाय ठेवला की ओकायला लागायचो. बापाने वैद्य केला, देवऋषी केला, शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "ह्याला दर्याने नाकारलाय. जमिनीवर काय होतंय का बघा." जमिनीवर शाळा होती. तिथं मास्तरने नाकारला. मग राहिलं कुवेत. कुवेत त्या वेळेला कुणालाच नाही म्हणत नव्हतं.

तिथं बलदियाच्या कामाला लागलो. बलदिया म्हणजे आपली नगरपालिका. फहाहील अगदी समुद्राला चिकटून. एका बाजूला मासळीबाजार आणि लाँचांचा धक्का, मागच्या बाजूला अहमदी, तेलवाल्यांची वसाहत, आणि मध्ये आमचा किनारा. तो झाडायचं काम माझं. पिवळा डगला, लांब दांड्याचा झाडू, ढकलगाडी. सुट्टीच्या संध्याकाळी लोक वाळूत चटया टाकून बसायचे. कुवेती, इजिप्तकडचे मिसरी, पॅलेस्टिनी, आपले केरळवाले, अहमदीचे पुण्या-मुंबईचे इंजिनेर बायकापोरं घेऊन. कोंबडी भाजायचे, कलिंगड कापायचे. सकाळी त्या साली मी गोळा करायचो. कोणत्या सालीजवळ कोण बसलं होतं ते मला बिया बघून कळायचं. आपली माणसं बियासुद्धा पुडीत बांधून ठेवतात आणि मग ती पुडी तिथंच विसरतात.

गावी मी निरोप धाडला होता की दर्याकाठी सरकारी नोकरी आहे. ह्यात एक शब्द खोटा नाही. बहिणीने मनाने मला कुठल्याशा बंदरावरचा साहेब केला. मीही म्हटलं, होतोय तर होऊ दे.

तिचा नवरा माझा लहानपणचा दोस्त. एका ताटात जेवून मोठे झालो, त्यामुळं लग्नानंतर मी त्याला भावोजी म्हणायला लागलो तरी अहोजाहो काही जमलं नाही. मी रजेवर गेलो तेव्हा काळा चष्मा लावून, अत्तर फासून त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "इथं काय सडतोस? तिकडं मासा आपण होऊन जाळ्यात येतो." बहीण दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवते हो." मी छाती फुगवून म्हटलं, "जसा नेतो तसा आणून देतो."

तो आला, पापलेटाच्या लाँचवर खलाशी म्हणून लागला. मासा आपण होऊन येत नाही हे त्याला पहिल्या फेरीत कळलं, आणि मी साहेब नाही हे पहिल्या दिवशी. माझ्या झाडूकडं बघून एवढंच म्हणाला, "बरं आहे रे साहेब तुझं वल्हं." पण बहिणीला त्याने कधी कळू दिलं नाही.

त्याची एक सवय होती. लाँच धक्क्याला लागली की तो किनाऱ्याकिनाऱ्याने चालत यायचा, आणि आमची बिल्डिंग दिसली की दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारायचा. शेवटाला ती वर उचलायचा, प्रश्न विचारल्यासारखी. म्हणजे, भात टाकलास का? मी टाकलेला नसायचा. शिट्टी ऐकून टाकायचो.

ऑगस्टात इराकी आले. आदल्या संध्याकाळीच त्याची लाँच बाहेर पडली होती. जाताना तो म्हणाला, "माझी लुंगी दोरीवर आहे, काढून ठेव." मी म्हटलं, "मी काय तुझी बायको?" नाही काढली.

सकाळी रस्त्यावर घरघर ऐकली. खाली जाऊन बघतो तर लोखंडी पट्ट्यांवर चालणारी धूड. मला वाटलं बलदियाने रस्ता सपाट करायची नवी मशिनं आणली. रस्ता सगळा उखडून चालली होती, म्हणून मी झाडू वर करून त्यातल्या एकाला ओरडलोसुद्धा, "अरे, हळू! हे कोण झाडणार?" वरच्या गॅलरीतून नर्सबाई किंचाळल्या, "अहो, आत या आधी! लढाई लागलीय!"

ह्या नर्सबाई नाशिककडच्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, तिथल्याच दवाखान्यात कामाला. नवरा नि मुलगी नाशकात. बाईंची जीभ इंजेक्शनच्या सुईपेक्षा जास्त टोचायची, पण औषध खरं असायचं.

मी धक्क्यावर धावलो. शिपायांनी धक्का अडवला होता. काही लाँचा आल्या होत्या, काही नव्हत्या. भावोजीची नव्हती. एक मिसरी खलाशी भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, पहाटे बारीक बोटी आल्या, गोळ्या सुटल्या, आम्ही तोंड वळवून इकडं पळालो, बाकीचे कुठं गेले ते अल्लाला माहीत. मी विचारलं, "बुडाल्या?" तो म्हणाला, "अल्लाला माहीत." पुढं किती तरी महिने ह्यापलीकडची बातमी मला कुणी दिली नाही. बाहेरदेशी फोन बंद, टपाल बंद. अल्लाला माहीत होतं, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा आली. मला कुठं कळणार, नर्सबाईंच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं. आमच्याकडं त्या दिवशी दर्याला सोन्याचा नारळ देतात. सोन्याचा म्हणजे वर सोनेरी कागद. दर्या शांत हो, आमची माणसं सांभाळ, असं म्हणायचं नि सोडायचा. मी म्हटलं, आपला माणूस दर्यात आहे आणि नारळ चुकवायचा? बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, एक जुना नारळ मिळाला. चॉकलेटचा सोनेरी कागद गुंडाळला. पिवळा डगला घातला, कारण झाडूवाल्याकडं कुणी बघत नाही, आणि उन्हं उतरल्यावर निघालो.

किनाऱ्यावर तार टाकायचं काम चाललं होतं. पाचसहा शिपाई खड्डा खणत होते. मी डोळे मिटले, हात जोडले, भावोजीचं नाव घेतलं आणि नारळ तारेवरून जोरात पाण्यात भिरकावला.

डोळे उघडले तर एकही शिपाई दिसेना. सगळे वाळूत पालथे. डोक्यावर हात.

आता विचार करा. संध्याकाळची वेळ, एक माणूस काहीतरी पुटपुटतो आणि गोल, चमकणारी वस्तू फेकतो. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पालथा पडलो असतो. मग ते उठले. बंदुका माझ्यावर. मला येणारं अरबी सगळं कचऱ्याचं: उचल, टाक, चल, उद्या ये. तेवढ्यात देव नि समुद्र नि भेट कशी बसवायची? मी हात जोडून ओरडत होतो, "उचलू नका! उद्या या! समुद्र चांगला!"

तेवढ्यात लाटेने तो नारळ परत आणला. सरळ आमच्या पायाशी. एक पोरसवदा शिपाई काठीने ढोसत ढोसत गेला, कागद सोलला, हुंगला, आणि हसायला लागला. बंदुकीच्या दस्त्यावर आपटून फोडला. भुकेलेच होते बिचारे. सगळ्यांनी वाटून खाल्ला. एकाने एक तुकडा मला दिला. नाही म्हणायची माझी काय बिशाद. खाल्ला. दर्याला वाहिलेला नारळ दर्याच्या तोंडात जायच्या आधी मी खाल्ला, हे आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं.

घरी येऊन नर्सबाईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या. मग माझं तोंड बघून थांबल्या.

"अहो, परत केला ना दर्याने? मग माणूसही परत करेल."

मी म्हटलं, "बाई, दुसरंही असेल. माणूस मिळालाय, म्हणून नारळ नको म्हणाला असेल."

नर्सबाई उठल्या. चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

हळूहळू गाव रिकामं व्हायला लागलं. आपली माणसं बसेस करून बसऱ्याला, तिथून बगदाद, तिथून अम्मान, तिथून विमानाने मुंबई. अहमदीचे एक पुण्याचे इंजिनेर होते, मला किनाऱ्यावर ओळखायचे, पुडी विसरणाऱ्यांपैकीच. ते मुद्दाम गाडी घेऊन आले. "चल, एक जागा आहे. आत्ता निघालास तर निघालास."

मी म्हटलं, "साहेब, भावोजी आला की आम्ही दोघं येतो."

"अरे, तो कसा येणार? कुठून येणार?"

"दर्याकडून. त्याला रस्ता पाठ आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गाडीतल्या बायकोकडं बघितलं. मग डिकीतून मसूरडाळीची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि गेले. नर्सबाई मात्र राहिल्या. म्हणाल्या, "वॉर्डात बाळं आहेत. त्यांना कोणत्या बसमध्ये घालू?"

मी रोज झाडायला जायचो. पगार देणारं कुणी नव्हतं. किनाऱ्यावर सुरुंग पेरले होते, त्यामुळं तारेच्या अलीकडचा फरसबंदी रस्ता तेवढा झाडायचो. झाडायला होतंच काय? साली नाहीत, पुड्या नाहीत. वाऱ्याने आणलेली वाळू इकडून तिकडं करायची आणि दर्याकडं बघायचं. आपण कचऱ्याला शिव्या द्यायचो, पण कचरा म्हणजे माणसं होती.

बिल्डिंगमध्ये तर त्याहून वाईट. समोरच्या बिऱ्हाडातली पॅलेस्टिनी मंडळी घाईत गेली, आणि त्यांचं बांगेचं घड्याळ आत राहिलं. बॅटरीचं, मशिदीच्या आकाराचं. कुलूपबंद घरात ते नमाजाच्या वेळेला बांग द्यायचं. रिकाम्या घरातून रिकाम्या जिन्याला बोलवायचं. पुढं सेल उतरला तसा त्याचा आवाज घोगरा, लांबट झाला, आजारी माणसासारखा. एक दिवस अर्ध्यात थांबला. मी जिन्यात उभा राहिलो, पुढचं ऐकायला. आलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि शिट्टी. एका संध्याकाळी मला शिट्टी ऐकू आली. लांब, शेवटाला उचललेली. मी चूल पेटवली, तांदूळ धुतले, आणि मग धावत खाली गेलो. रस्त्यावर कुणी नाही. किनाऱ्याच्या लोखंडी कठड्याला गोळ्यांची भोकं पडली होती. उत्तरेचा वारा सुटला की पोकळ नळीतून शीळ निघायची. मी कान लावून खात्री करून घेतली. नळीच होती. पण मला सांगा, कळलं म्हणून काय झालं? त्यानंतरही दर वेळी शीळ आली की मी आधी तांदूळ धुवायचो आणि मग मनाला सांगायचो, नळी आहे. लुंगीही दोरीवर तशीच. मीठ बसून ती पापडासारखी कडक झाली होती. वाऱ्यात तिचा खडखड आवाज यायचा. काढली असती, पण त्याने मला काढायला सांगितली तेव्हा मी नाही म्हटलेलं. आता तो आल्यावर त्याच्यासमोरच काढायची, असं धरून बसलो होतो.

पितृपक्ष आला. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी नर्सबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बाई, भावोजीचं पान वाढायचं का?"

"जिवंत माणसाचं?"

"मेलेला असला तर उपाशी राहील की."

"आणि जिवंत असला तर?"

"तर पान वाढून मीच त्याला मारल्यासारखं होईल. बहीण मला उभा चिरेल."

"मग नका वाढू."

"मग उपाशी राहील."

बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमचं हे असलं शास्त्र कुठल्या पोथीत आहे हो?"

"पोथी वाचता आली असती तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

शेवटी माझं मीच ठरवलं. भात केला, मसुराची आमटी केली, डबाबंद माशाचा एक तुकडा ठेवला. केळीचं पान कुठलं, डब्याचं झाकण घेतलं. कठड्यापाशी भिंतीवर मांडलं आणि म्हटलं, "भावोजी, जिवंत असशील तर हे जेवण समज. मेला असशील तर पान समज. काय ते तुझं तू ठरव, माझ्यावर ढकलू नको."

आता कावळा पाहिजे. आणि मी तरी फहाहीलला कावळा कधी बघितला नव्हता. किनाऱ्यावर असायचे ते पांढरे समुद्रपक्षी, राखी पंखांचे, भांडकुदळ. त्यातला एक उतरला. एका पायाने लंगडा. त्याने माशाचा तुकडा उचलला, भाताकडं बघितलंसुद्धा नाही. मी खूश झालो. कावळा शिवलाच नाही, पांढऱ्या पक्ष्याचं शास्त्रात काही नाव नाही, म्हणजे भावोजी जिवंत. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मूठभर भात भिंतीवर ठेवायला लागलो. लंगड्या यायचा. कावळा येत नव्हता. रोज कावळा आला नाही की माझा माणूस आणखी एक दिवस जगायचा.

एवढ्यात बलदियाचे आमचे मुदीर, म्हणजे वरचे साहेब, परत दिसले. कुवेती गृहस्थ. पूर्वी थंडगार गाडीची काच दोन बोटं खाली करून ओरडायचे आणि काच वर करायचे. आता पांढऱ्या लांब झग्यात कचऱ्याची लॉरी स्वतः चालवत आले. गल्लोगल्ली कचरा कुजत होता आणि उचलायला माणूस नव्हता, म्हणून गावातल्या कुवेत्यांनीच हे काम अंगावर घेतलं होतं. मी मागं लटकलो. झगा काळा झालेला, पण पिंप उचलताना कंबर कशी वाकवायची ते त्यांना येत नव्हतं. मला तेवढं एकच येतं, पण मी शिकवायला गेलो आणि माझीच कंबर धरली. मग ते गाडी चालवत, मी मागं विव्हळत.

एकदा भिंतीपाशी भात ठेवताना त्यांनी बघितलं. मोडक्या हिंदीत विचारलं, "किसका?"

"बहनका आदमी. समुद्रमें."

त्यांनी मान हलवली. मग रस्त्याकडं, उत्तरेकडं बोट दाखवलं. त्यांच्या मुलाला शिपायांनी उचलून नेलं होतं, त्याच रस्त्याने. त्यानंतर आमचा रिवाज झाला. काम झालं की आम्ही भिंतीवर बसायचो, मी दर्याकडं तोंड करून, ते रस्त्याकडं. पाठीला पाठ. बोलायचो नाही. बोलायला मला कचऱ्याचेच शब्द येत होते.

थंडीत बॉम्ब पडायला लागले. घरं हलायची, काचा फुटायच्या. मी टेबलाखाली बसून सगळ्या देवांची नावं घ्यायचो. एक राहिला असेल तर रागवू नये, म्हणून शेवटी "आणि इतर" म्हणायचो. मग दर्यात तेल आलं. किनाऱ्याला लाट येईना, काळी गादी यायची आणि आवाज न करता मागं जायची. दर्याचा आवाज बंद झाला. जन्मात पहिल्यांदा मी असा दर्या ऐकला, म्हणजे ऐकलाच नाही. आणि मागून अहमदीकडच्या विहिरी पेटल्या. भर दुपारी अंधार. नर्सबाई दुपारी कंदील घेऊन दवाखान्यात जायच्या. पाऊस पडला तो काळा. दोरीवरची लुंगी काळी झाली.

त्या अंधारातही मी भात ठेवायला गेलो. अन्नाची टंचाई होती, चिमूटभरच ठेवला. आणि भिंतीवर कावळा आला.

काळा. चोचीपासून शेपटीपर्यंत काळा. उडत नाही, फरफटत आला. भाताला चोच लावली. मी जागच्या जागी बसलो. एवढे महिने जो आला नव्हता तो आला. शिवला. संपलं. मी मोठ्याने म्हटलं, "बरं, भावोजी." दुसरं काही सुचलं नाही.

मग तो एक पाऊल चालला, आणि लंगडला.

तेलात बुडलेला आमचा लंगड्याच होता तो. मी त्याला डगल्यात गुंडाळून नर्सबाईंकडं नेला. बाईंनी पिण्याच्या पाण्यातलं पाणी काढलं, साबण लावला. पाणी काळं झालं, पक्षी पांढरा काही झाला नाही. त्यांच्या टॉवेलातच गेला. मी म्हटलं, "बाई, कावळा नव्हता." त्या म्हणाल्या, "नव्हता." पण माझ्या मनात त्याने पान शिवलं होतं. रंग काळा होता ना? शास्त्राला आणखी काय लागतं? त्या दिवशी मी लुंगी दोरीवरून काढली आणि घडी करून ठेवली. घडी मोडली. तुटलीच ती, वाळक्या पानासारखी.

लढाई संपली. लोक गाड्यांचे भोंगे वाजवत नाचत होते, आणि वर आकाश काळं. काही दिवसांनी कळलं की अहमदीच्या बाजूला परदेशी फौजेच्या माणसांनी एक फोन लावलाय, लोकांना घरी बोलू देतात. मुदीर मला गाडीत घालून घेऊन गेले. रांगेत माझ्याबरोबर उभे राहिले. मी म्हटलं, "आप?" ते म्हणाले, "मुझे किसको?" त्यांचा मुलगा आला नव्हता. पुढंही आला नाही. मी कुवेत सोडलं तोवर ते भिंतीवर रस्त्याकडं तोंड करून बसायचे. आता मी नसल्यावर त्यांच्या पाठीला कोण, हा विचार मला गावी जेवताना अजून येतो. आणि वारा सुटला की मी अजून तांदूळ धुतो. ते जाऊ दे.

रांगेत मी बहिणीला सांगायचे शब्द घोकत होतो. आमच्या वाडीत फोन एकच, धक्क्यावरच्या दुकानात. पहिल्यांदा दुकानदाराला सांगितलं, बहिणीला बोलव. मग पळत पळत पावलं आली, कुणीतरी फोन उचलला, आणि आवाज आला, "हॅलो?"

भावोजीचा आवाज.

मला वाटलं, फोन लागला. चुकीच्या जागी लागला. वरच लागला.

"कोण?" तो म्हणाला. "बोल की!"

"भावोजी," मी म्हटलं, "तुला पान पोचलं का रे?"

मग तो हळूच म्हणाला, "तू... कुठून बोलतोयस?" त्याच्या आवाजात मी ऐकली ती भीती माझ्याच आवाजातली होती.

"फहाहीलहून."

"जिवंत?"

"मी जिवंत. तू?"

"अरे मेल्या, मी गणपतीच्या आधीपासून घरी आहे! नाखव्याने लाँच तशीच बहारीनला पळवली. तिथून दुबई, दुबईहून घरी. आलेल्या प्रत्येक माणसाला तुझं विचारलं. मुंबईला विमानतळावर जाऊन बसलो, तिथं पुण्याचा एक इंजिनेर भेटला, म्हणाला, तो किनारा झाडतोय आणि डोक्यावर परिणाम झालाय. मग बॉम्ब पडायला लागले, मग काहीच कळेना. तू तिथं थांबलास कशाला?"

"तुझी वाट बघत."

त्याने फोन बाजूला धरला आणि ओरडला. मला कुवेतपर्यंत नीट ऐकू आलं. "अगो, ये! तुझा दादा! जिवंत आहे! नि माझी वाट बघतोय म्हणतो!"

मग बहीण आली. आधी नुसती रडली. मागं रांगेतली माणसं पाय आपटायला लागली. रडत रडतच तिने सांगितलं की शिवरात्रीनंतरच्या अमावास्येला त्यांनी माझं पान वाढलं. भात, वडे, खीर, आणि मला आवडते म्हणून वर सुक्या बांगड्याची कोशिंबीर.

इथं मी त्याचं पान वाढत होतो, तिथं ती माझं. मी म्हटलं, माझ्या इच्छा किती राहिलेल्या, माझा जीव किती ह्यांच्यात अडकलेला, कावळ्याने दिवसभर तंगवलं असणार सगळ्यांना. जरा ऐटीतच विचारलं, "कावळ्याने फार वेळ लावला असेल ना गो?"

"वेळ कसला?" बहीण नाक ओढत म्हणाली. "पान ठेवायच्या आधी हातातूनच बांगडा घेऊन गेला. वाट बघत बसायला तो काय तुझ्यासारखा खुळा आहे?"